हवेच्या पळवाटा

फोक्सवॅगन बीटलच्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचं नवं हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारं झाकण, हातात आलं की सगळ्यांत आधी ते उजेडाकडे धरावं. सीटचं माप, गाइडची ढिलाई, चेंबरचे सीसी हे सगळं नंतर. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवती आणि प्लगच्या बाजूला फिनांमध्ये (हवेला उष्णता देणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांमध्ये) ज्या अरुंद फटी असतात, त्यांतून पलीकडचा उजेड दिसतो का, एवढंच बघायचं. पुष्कळदा दिसत नाही. ओतकामात साच्याच्या सांध्यात शिरलेलं ॲल्युमिनियम तिथे पापुद्र्यासारखं गोठून बसलेलं असतं. कोल्हापूरच्या फाउंड्रीतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तो त्याला फ्लॅश म्हणतो आणि कास्टिंग फेटलिंगला, म्हणजे जास्तीचा धातू घासून काढायला, पाठवतो. पण हेडच्या पोटात, दोन फिनांच्या मधे, फेटलिंगवाल्याचा ग्राइंडर पोचत नाही. पापुद्रा तसाच राहतो, हेड खोक्यात बंद होतं, आणि जिथे हवेची गरज सर्वांत जास्त तिथेच तिची वाट बुजलेली, अशा अवस्थेत ते इंजिनावर चढतं.

इलाज साधा आहे आणि कंटाळवाणा. हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा घ्यायचा, एका टोकाला चिकटपट्टी गुंडाळून मूठ करायची. जोडीला एक अरुंद चपटी कानस आणि ४ ते ५ मि.मी.चं लांब ड्रिल, तेही हाताने फिरवायचं. मशीनला लावलं तर ते पापुद्र्याबरोबर फिनही खातं. शेवटी रॉकेलने धुवायचं, कॉम्प्रेसरची हवा मारायची आणि पुन्हा उजेडाकडे धरायचं. एका हेडला दीड-दोन तास सहज जातात. या कामाने डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, एक अश्वशक्तीही वाढत नाही, त्यामुळे त्याचं कौतुक कुणाला नसतं. रेसच्या विसाव्या फेरीला हेडच्या तापमानाचा काटा जिथल्या तिथे उभा राहतो, तो मात्र या दोन तासांमुळे.

एअर-कूल्ड रेस इंजिनांबद्दलची चर्चा बहुतेक वेळा पंख्याभोवती आणि स्कूपभोवती, म्हणजे बाहेरची हवा आत घेणाऱ्या तोंडाभोवती, फिरते. हवा किती आणायची, कुठून आणायची. माझ्या मते खरी अडचण तिथे नसतेच. हवा आणणं सोपं. आणलेली हवा फिनांमधून जायला भाग पाडणं कठीण. पाण्याला पाइपात कोंडलं की ते निमूट सांगितल्या वाटेने जातं. हवेला फिनांमधून जाण्यात काडीचा रस नसतो. तिथे घासावं लागतं, वळावं लागतं. बाजूला बोटभर भोक सापडलं की ती तिकडून निघून जाते, आणि आपण पंखा मोठा करत बसतो.

आकडे मांडून बघू. १०० अश्वशक्तीचं, म्हणजे साधारण ७५ किलोवॉटचं, रेससाठी बांधलेलं चार सिलिंडरचं इंजिन घ्या. पूर्ण थ्रॉटलला सायलेन्सरवाटे जाते ती सोडून भिंतींतून आणि तेलातून बाहेर काढायची उष्णता ४५ किलोवॉटच्या आसपास धरावी. त्यातली १० तेल नेतं, असं समजू. उरली ३५. एक किलो हवा एका अंशाने तापायला १ किलोज्यूल घेते. फिनांमधून जाताना हवेला ६० अंश तापू दिलं, तर सेकंदाला ०.५८ किलो हवा लागते. उन्हाळ्यातल्या हवेची घनता घनमीटरला १.१ किलो धरली की हे झाले सेकंदाला सुमारे ५३० लिटर. दोनशे लिटरची अडीच पिंपं भरून हवा, दर सेकंदाला, बोटाच्या पेराहून अरुंद फटींमधून.

आता याच इंजिनाच्या पंख्याच्या घराला केबिनच्या हीटरसाठी दोन तोंडं असतात. रेसच्या गाडीत हीटर काढून टाकलेला, पाइप काढलेले, तोंडं उघडी. आत १०० मि.मी. उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब असेल तर ५० मि.मी. व्यासाच्या एका भोकातून सेकंदाला साधारण ५० लिटर हवा निसटते. दोन्हींतून १००. कष्टाने ओढलेल्या हवेचा जवळजवळ पाचवा हिस्सा फिनांना न शिवता बाहेर. त्यावरचा खर्च पत्र्याच्या दोन टोप्या आणि चार रिव्हेट एवढाच. त्या न लावता तेलाचा दुसरा कूलर विकत घेणारे लोक पुष्कळ.

हीच गत प्लगच्या वायरींवरच्या रबरी टोप्यांची. पत्र्यातून प्लगपर्यंत पाना जावा म्हणून जी भोकं ठेवलेली असतात, ती या टोप्यांनी झाकायची असतात. रेससाठी जाड सिलिकॉन वायर घेतली जाते, तिला टोपी बसत नाही, म्हणून टोपी जाते कचऱ्यात. चार भोकं उघडी राहतात, आणि तीही नेमकी प्लगपाशी, हेडच्या सर्वांत गरम कोपऱ्याशेजारी. टोपीचं भोक मोठं करून, किंवा कापडी अस्तराच्या रबराची चकती कापून ती वायरीवर ओवली तरी चालतं. दिसायला बरं दिसत नाही. हवेला त्याचं काही नाही.

याहून वाईट एक गळती आहे, आणि ती इंजिनावर नसतेच. बीटलमध्ये इंजिन मागे, एका आडव्या पत्र्याच्या पडद्यात बसवलेलं असतं. पडद्याच्या वर थंड खोली, खाली गरम खोली. पंखा वरून हवा घेतो, फिनांमधून ती खाली ढकलतो. पडद्याच्या कडेने बॉडीला टेकणारी एक रबरी पट्टी असते. ती कुजली, किंवा मोठा एक्झॉस्ट बसवताना मागचा पत्रा कापला, की तापलेली हवा खालून पुन्हा वर येते आणि पंखा तीच हवा परत गिळतो. अशा गाडीत पंख्याच्या तोंडाशी थर्मामीटर धरला तर बाहेर ३५ अंश असताना तिथे ५५-६० सापडतात. मग पंखा कितीही वेगाने फिरवा, इंजिन स्वतःचाच उच्छ्वास पीत राहतं. शिवाय कार्ब्युरेटरही त्याच खोलीतली हवा घेतात, म्हणजे ताकदही जाते. तापणाऱ्या बीटलचं पहिलं निदान मी तरी ही रबरी पट्टी बघून करेन.

पळवाटा बुजवल्या की दुसरं काम: हवा सिलिंडरला मिठी मारेल असं बघायचं. गोल खांबावर वारा आला की तो पुढच्या बाजूला चिकटून जातो आणि निम्मा वळसा घेण्याआधीच, साधारण ८०-९० अंशांवर, पृष्ठभाग सोडून देतो. मागे उरते ती नुसती भोवऱ्यांची पोकळी. तिथल्या फिनांना नवी हवा मिळत नाही. म्हणून सिलिंडरच्या पाठीमागे, दोन सिलिंडरांच्या मधे, फिनांच्या टोकांना जवळजवळ टेकणारे वळवलेले पत्रे लागतात. ते हवेला सुटू देत नाहीत. अगदी पाठीमागे एक अरुंद फट ठेवून तिथूनच बाहेर पडायला लावतात. बीटलच्या इंजिनात हे पत्रे खालच्या बाजूला, पुशरॉडच्या नळ्यांच्या वर, स्प्रिंगसारखे अडकवलेले असतात. जुनं इंजिन खोललं की ते गंजलेले, वाकलेले निघतात, आणि ‘हे कशाला असतात कोण जाणे’ म्हणून बाजूला पडतात.

ते नसले तर काय होतं? सिलिंडरची पुढची आणि मागची बाजू यांच्यात ४० अंशांचा फरक पडला, असं धरा. ८५.५ मि.मी. बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) बिडाच्या सिलिंडरला एवढ्या फरकाने जो फुगवटा येतो तो ०.०४ मि.मी.च्या घरात जातो. साध्या पिस्टनची बोअरमधली मोकळीक जवळपास तेवढीच असते. बोअर गोल राहत नाही, रिंगा एका बाजूला उघड्या पडतात, गॅस खाली क्रँककेसमध्ये उतरतो, तेल तापतं. मेकॅनिक म्हणतो, तेल तापतंय, कूलर लहान पडला. दोष असतो हरवलेल्या पत्र्याचा.

फिनांवर काय लावावं यावरही वाद चालतात. काळा रंग लावला की उष्णता जास्त बाहेर फेकली जाते, हे तत्त्वतः खरं. पण फिना एकमेकींकडेच तोंड करून उभ्या असतात, एकीने फेकलेलं दुसरी झेलते. फायदा नगण्य. पावडर कोटिंगचा ८० मायक्रॉनचा थर मात्र सगळे सांगतात तेवढा घातकही नाही, उष्णतेच्या वहनात त्याने चारेक टक्के घट येते. खरा शत्रू वेगळा: रॉकर कव्हरमधून पाझरलेलं तेल आणि त्यावर बसलेली धूळ. त्याचा १ मि.मी.चा थर फिनेची एक-तृतीयांश क्षमता खातो, वर फटही अरुंद करतो. रंगावर वाद घालण्यापेक्षा रॉकर कव्हरचं गॅस्केट बदलावं.

बीटलच्या इंजिनातला तीन नंबरचा सिलिंडर हा या सगळ्या शास्त्राचा जुना धडा आहे. डावीकडच्या जोडीतला हा पुढचा. मूळ रचनेत तेलाचा कूलर पंख्याच्या घरातच उभा असे, नेमका याच्या माथ्यावर. तेलाने तापवलेली, कूलरमुळे अडलेली हवा तीन नंबरच्या वाट्याला येई. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायचा तो बहुतेक याचाच. कंपनीने काही डिस्ट्रिब्युटरमध्ये फक्त या सिलिंडरची ठिणगी काही अंश उशिरा पडेल अशी सोय केली. मुळातली चूक हवेत आणि उपाय ठिणगीत, असा प्रकार. १९७१च्या मॉडेलपासून कूलर घराबाहेर, स्वतःच्या वेगळ्या डब्यात गेला, त्याची तापलेली हवा निराळ्या वाटेने बाहेर जाऊ लागली. ज्याला इंग्रजीत कुत्र्याच्या घराचं, ‘डॉगहाउस’ असं, नाव पडलं आहे ते हे पंख्याचं घर. रेससाठी यापेक्षा चकचकीत क्रोमची घरं मिळतात, पण त्यांतल्या बऱ्याच घरांच्या पोटात हवा वाटून देणारे पत्रे नसतात. बाहेरून आरसा, आत रिकामं खोकं.

इंजिन गार असताना हवा अडवून धरणारा थर्मोस्टॅट आणि त्याच्या पंख्याच्या घरातल्या झडपा काढून टाकायची पद्धत आहे. थर्मोस्टॅट काढला तर झडपा पूर्ण उघड्या अवस्थेत पक्क्या कराव्यात, त्या उपटू नयेत. उघड्या झडपा हवा हेडकडे आणि सिलिंडरकडे वळवण्याचंही काम करतात.

आता पंखा. पंख्याचा वेग १० टक्के वाढवला तर हवा १० टक्के वाढते, दाब २१ टक्के आणि पंख्याने खाल्लेली ताकद ३३ टक्के. या तीन आकड्यांत सगळं भांडण आलं. बीटलमध्ये क्रँकच्या एका फेऱ्यात पंखा सुमारे १.८ फेरे घेतो. साध्या गाडीचं इंजिन ४,५०० आरपीएमला चाललं तर पंखा ८,१००. रेसचं इंजिन ७,००० वर चालतं, तिथे पंखा १२,६०० वर जातो. रिव्हेट मारलेला पत्र्याचा पंखा त्या वेगासाठी केलेलाच नाही. पाती उघडतात, घराला घासतात, कधी तुकडे होतात. म्हणून रेसला वेल्ड करून बॅलन्स केलेला पंखा आणि त्याचा वेग उतरवणारी क्रँकवरची लहान पुली. तीच लहान पुली लोक रस्त्यावरच्या गाडीला ‘पॉवर पुली’ म्हणून लावतात आणि शहरातल्या ट्रॅफिकमध्ये इंजिन उकडतात. चारशे मीटरच्या ड्रॅग रेसला पंखाच नसला तरी भागतं, कारण हेडच्या धातूला तापायलाही वेळ लागतो. अर्ध्या तासाच्या सर्किट रेसला हा न्याय लावू नये.

बेल्ट अंगठ्याने दाबला तर १० ते १५ मि.मी. वाकावा. पंखा आणि त्याच्या मागच्या पत्र्यातलं अंतर २ मि.मी.च्या आसपास असावं. ते ४-५ झालं की दाबाखालची हवा तिथूनच उलटी फिरते. आणि पंख्याच्या तोंडासमोर काय आहे ते बघावं. तोंडाचा व्यास भागिले चार, एवढं अंतर समोर मोकळं मिळालं तर भिंत आणि तोंड यांच्यामधलं क्षेत्रफळ तोंडाइतकं होतं. हे अगदी किमान, दुप्पट असावं. बाहा एसएई इंडिया या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेतल्या गाड्यांत पुण्या-नाशिकची मुलं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं १० अश्वशक्तीचं एअर-कूल्ड इंजिन बसवत आली आहेत. वजन पुढे घ्यायच्या नादात त्या इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या पंख्याचं तोंड फायरवॉलला बिलगतं, वर पिथमपूरचा चिखल जाळीवर थापला जातो, आणि चार तासांच्या सहनशक्तीच्या शर्यतीत इंजिन गळपटतं. १६० मि.मी.च्या तोंडासमोर ४० मि.मी. मोकळे लागतातच, ८० मिळाले तर उत्तम. चेसिसचं चित्र काढताना हे एक माप आधी काढावं.

पंख्याच्या विद्येचा कळस पोर्शेच्या ९१७ या रेसच्या गाडीत दिसतो. १९६९च्या मार्चमध्ये जिनिव्हाला ही गाडी लोकांनी पाहिली. पोर्शेचे अभियंते हान्स मेझगर यांच्या हाताखाली घडलेलं, १२ सिलिंडरचं आडवं इंजिन, साडेचार लिटरचं, आणि त्याच्या माथ्यावर आडवा पडलेला, गिअरने फिरणारा भला मोठा पंखा. बेल्ट नाही, म्हणजे घसरणं नाही. तो सेकंदाला सुमारे २,४०० लिटर हवा खाली ढकलायचा आणि त्यासाठी १७ अश्वशक्ती खायचा, साडेपाचशेच्या इंजिनात तीनेक टक्के. वर आपण १०० अश्वशक्तीला ५३० लिटर काढले. त्या हिशेबाने ९१७ला २,९०० हवे होते. ही तफावत मला बोलकी वाटते. पोर्शेचं एअर-कूल्ड इंजिन नेहमीच निम्मं तेलावर जगत आलं आहे: ड्राय संप (तेल इंजिनाच्या पोटात न ठेवता वेगळ्या टाकीत), भरपूर तेल, पुढे नाकाशी कूलर. पंख्याखालचं आवरण फायबरग्लासचं, बारा सिलिंडरांना सारखी हवा वाटणारं. पुढे टर्बो लावून १९७३च्या ९१७/३०मध्ये याच घराण्याच्या इंजिनातून ड्रायव्हर मार्क डोनोह्यू यांच्या उजव्या पायाखाली १,१०० अश्वशक्ती आल्या, पाण्याचा थेंब न वापरता.

फ्रान्समधल्या रूऑंच्या ट्रॅकवर या विषयाची दोन टोकं भेटतात. १९६२च्या फ्रेंच ग्रांप्रीत डॅन गर्नी यांनी तिथे पोर्शे ८०४ जिंकवली: दीड लिटरचं आठ सिलिंडरचं एअर-कूल्ड इंजिन, वर आडवा पंखा. सहा वर्षांनी, १९६८ला, त्याच रूऑंला होंडाची आरए३०२ आली. तिचंही इंजिन आठ सिलिंडरचं आणि एअर-कूल्ड, पण तीन लिटरचं, १२० अंशांच्या व्ही रचनेचं. आणि पंखा नाही. धावण्याच्या वेगाने जी हवा आत घुसेल तिच्यावरच भिस्त. कंपनीचे संस्थापक सोइचिरो होंडांचा हट्ट होता की शेवटी पाणीही हवेनेच थंड करायचं, तर मधला दलाल कशाला. होंडाचे ड्रायव्हर जॉन सर्टीस यांनी ही गाडी शर्यतीला तयार नाही म्हणून चालवायला नकार दिला. ज्यो श्लेसर यांनी ती ओल्या ट्रॅकवर चालवली, सुरुवातीच्या फेऱ्यांतच ती बाहेर जाऊन पेटली आणि ते गेले. मॅग्नेशियमची बॉडी, भरलेल्या टाक्या. त्या अपघाताचं खापर कूलिंगवर फोडता येत नाही आणि फोडूही नये. पण पंख्याशिवायच्या रचनेची अडचण गणितातच आहे. ताशी १५० कि.मी.ला समोरून येणाऱ्या हवेचा पूर्ण दाब १०० मि.मी. पाण्याइतका होतो. ताशी १०० ला तो ४५, आणि ५० ला फक्त ११. अवघड हेअरपिनमधून बाहेर पडताना इंजिन पूर्ण जोरात आणि गाडी हळू, तेव्हाच हवा सर्वांत कमी. पंखा इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेला असतो, स्कूप गाडीच्या वेगाशी. उष्णता फेऱ्यांबरोबर येते. दलालाची किंमत तिथे वसूल होते.

मग पाणी का जिंकलं? पोर्शेनेच १९७८च्या ९३५/७८मध्ये हेडला पाणी दिलं, सिलिंडर हवेवरच ठेवले. १९८२च्या ९५६मध्येही तीच मांडणी. कारण एकेका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह शेजारी आले की त्यांच्यामधल्या पुलाला फिन काढायला जागाच उरत नाही. तेवढ्याच आकारमानाचं पाणी हवेच्या साडेतीन हजार पट उष्णता उचलतं, त्यामुळे ते पेन्सिलीएवढ्या वाटेनेही काम करतं.

एका बाबतीत मात्र हवेची बाजू आजही भक्कम आहे, आणि ती आपल्याकडच्या उन्हाळ्याशी जुळते. रेडिएटरमधलं पाणी ९५ अंशांवर, बाहेर २० अंश असेल तर फरक ७५. बाहेर ४० झालं की फरक ५५, म्हणजे क्षमता २७ टक्के घटली. फिना १९० अंशांवर असतात. त्यांचा फरक १७० वरून १५० वर येतो, घट १२ टक्के. कारेल लोप्राइस यांनी टाट्राच्या एअर-कूल्ड डिझेल ट्रकांवर डकार रॅली सहा वेळा जिंकली ती वाळवंटातच. पण तेलाचा कूलर १०५ अंशांवर काम करतो, तो रेडिएटरचाच भाऊ. त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यात एअर-कूल्ड इंजिन पहिल्यांदा तेलात हरतं, हेडमध्ये नाही. कूलर मोठा करायचा असेल तर तो या हिशेबाने करावा. त्याला स्वतःची हवा द्यावी आणि त्यातून निघालेली गरम हवा पंख्याच्या खोलीत सोडू नये. तीन नंबरचा धडा पुन्हा गिरवायची हौस नसेल तर.

स्कूप लावायचाच असेल तर तो कुठे लावता ते महत्त्वाचं. बॉडीत खोल गेलेला, तिकोनी तोंडाचा नाका डक्ट दिसतो छान. पण पुढच्या भागात, जिथे बॉडीला चिकटलेला सुस्त हवेचा थर पातळ असतो, तिथेच तो नीट चालतो. मागच्या डिकीवर तो थर बराच जाड झालेला असतो, डक्ट त्यातच बुडतो. आत आल्यावर हवेला एकदम मोठ्या खोलीत सोडू नये. वाट हळूहळू, दोन भिंतींमध्ये सातेक अंशांचा कोन ठेवून रुंद केली की वेगाचा दाब होतो, नाहीतर भोवरे होतात. बाहेरची वाट आतल्यापेक्षा मोठी असावी, कारण ६० अंशांनी तापलेली हवा पाचव्या हिश्श्याने फुगलेली असते. आतल्या तोंडाच्या सव्वा ते दीडपट क्षेत्रफळ मी धरेन. बाहेर पडण्याच्या कडेच्या पुढे खाली वळवलेली २०-२५ मि.मी.ची पट्टी लावली तर तिच्या मागे दाब उतरतो आणि हवा ओढली जाते. उलट, डाउनफोर्ससाठी पोटाखाली सपाट पत्रा लावला आणि हवेला वाट ठेवली नाही, तर वरून कितीही ढकला, ती जागची हलत नाही.

हे सगळं अंदाजाने करू नये, कारण मोजायचं साधन शंभर-दोनशे रुपयांत होतं. ६ मि.मी.ची पारदर्शक नळी घ्या, फळीवर यू आकारात बसवा, शेजारी मोजपट्टी, नळीत पाणी आणि चिमूटभर रंग. एक टोक पंख्याच्या घरात, फिनांच्या वर. दुसरं फिनांच्या खाली, पडद्याच्या गरम बाजूला. आतल्या टोकाचं तोंड बंद करून बाजूला १ मि.मी.ची चार-पाच भोकं पाडा, नाहीतर झोताचा धक्का मोजला जाईल, दाब नाही. दोन पातळ्यांमधला फरक म्हणजे फिनांवरचा दाब. लायकमिंगसारखी विमानांची एअर-कूल्ड इंजिनं असा १५० मि.मी.च्या आसपासचा दाब मागतात, त्यावरून कल्पना यावी. वाचन सरळ रस्त्यावर, शेजारी बसलेल्या माणसाने मोबाइलवर चित्रित करून घ्यावं. मग दोन्ही टोकं एकेक करून केबिनशी ताडून पाहा. वरचा दाब कमी असेल तर गळती, बेल्ट किंवा पंख्याचं तोंड. वरचाही जास्त आणि खालचाही जास्त असेल तर बाहेरची वाट कोंडली आहे. वरचा भरपूर, खालचा नगण्य, तरी हेड तापतंय? तर फिना बुजलेल्या आहेत, किंवा दोष हवेचा नाहीच.

हवेचा नाही म्हणजे पेट्रोलचा आणि ठिणगीचा. पातळ मिश्रण (पेट्रोल कमी, हवा जास्त) आणि पुढे ओढलेलं टायमिंग, म्हणजे लवकर पडणारी ठिणगी, हेडला कोणत्याही पंख्याच्या आवाक्याबाहेर तापवतात. पूर्ण थ्रॉटलला हवा-इंधनाचं प्रमाण १२.५ ते १२.८ ठेवावं, थोडं जास्तीचं पेट्रोल हे रेसच्या एअर-कूल्ड इंजिनाचं अर्धं शीतक आहे.

तापमान प्लगखालच्या वॉशरच्या जागी बसणाऱ्या कडीच्या थर्मोकपलने, म्हणजे तापमान सांगणाऱ्या तारेने, मोजतात. मूळ वॉशर काढून ती बसवायची. दोन्ही ठेवले तर प्लग वर राहतो. एकच घ्यायचा असेल तर तीन नंबरला, परवडलं तर चारही. १७० ते १९० अंश ठीक. २०० च्या वर सतत राहिलं तर ॲल्युमिनियम मऊ पडायला लागतं. २२० ला पाय उचलावा, शर्यत कुठल्याही वळणावर असो. त्याचं कारण व्हॉल्व्हच्या सीटमध्ये आहे. हेड ॲल्युमिनियमचं, सीट लोखंडाची. पहिलं दुसऱ्याच्या दुप्पट प्रसरण पावतं. ३५ मि.मी.ची सीट ०.१० ते ०.१५ मि.मी. घट्ट ठोकलेली असते. २०० अंशांची वाढ झाली की त्यातली ०.०७७ मि.मी. पकड जाते. त्यावर स्थानिक जास्तीचा ताप आला तर सीट सुटते, पिस्टनवर पडते आणि पुढचं सांगायला नको. काटे दोन बघायचे असतात: हेडचा काटा काही सेकंदांत बोलतो, तेलाचा काही मिनिटांत. हेड तापलेलं आणि तेल शांत, तर हवा, मिश्रण किंवा टायमिंग. तेल तापलेलं आणि हेड शांत, तर कूलर आणि त्याची हवा.

शर्यत संपली की इंजिन एकदम बंद करू नये. पंखा इंजिनाबरोबर थांबतो, आणि हेडमधली, एक्झॉस्टमधली उष्णता फिनांत पसरत राहते. बंद केल्यावर काटा वर चढतो तो त्यामुळे. शेवटची फेरी वरच्या गिअरमध्ये, हलक्या थ्रॉटलला. पिटमध्ये आल्यावर २,००० आरपीएमला एक-दोन मिनिटं. मग बंद करून डिकी उघडायची आणि पानं उडवायच्या ब्लोअरचं तोंड पंख्याच्या तोंडाला लावायचं. गाडी रात्रभर गॅरेजमध्ये उभी राहणार असेल तर उंदीर आणि पालापाचोळा आत जाऊ नये म्हणून पंख्याच्या तोंडात फडकं कोंबतात. ते फडकं गडद लाल घ्यावं आणि गाडीची चावी त्यालाच बांधून ठेवावी. फडकं गिळलेल्या पंख्याखाली इंजिन किती वेळ टिकतं, हे मोजायची कुणावर वेळ येऊ नये.